दर चैत्रात हिरवळ त्याच जागी का करपते? कोकण किनाऱ्यावरच्या कोरड्या महिन्यांसाठी

होळी झाली की आमच्या दारासमोरच्या हिरवळीवर तीन पिवळे डाग उमटायचे. एक समुद्राकडच्या गडग्याला लागून, एक फाटकापासून ओटीकडे येणाऱ्या वाटेवर आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, अगदी मधोमध. रामनवमीपर्यंत ते तपकिरी व्हायचे. अक्षय्य तृतीयेला तिथली माती उघडी पडलेली असायची. मृगाच्या सरी आल्या की पंधरा दिवसांत सगळं पुन्हा हिरवंगार, आणि मी ते विसरून जायचे. पुढच्या होळीला डाग हजर. त्याच जागी, जवळजवळ त्याच आकाराचे.

घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. पूर्वी जिथे भाताचं खळं होतं, तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि पुढे दीड गुंठा लॉन लावलं. पहिले तीन उन्हाळे मी एकच उपाय करत राहिले, पाणी वाढवण्याचा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, डागांवर आणखी पाच. चौथ्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला. हात आखडता घ्यावाच लागला, आणि तेव्हा कुठे मी खाली बसून नीट बघितलं. तीन डागांची तीन वेगळी कारणं निघाली. वरून रंग एकच, पण एकालाही रोजच्या शिंपडण्याने गुण येणारा नव्हता.

ज्यांच्याकडे दरवर्षी ठरलेल्या जागी गवत करपतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. जागा ठरलेली असेल तर कारण बहुतेक वेळा जमिनीत किंवा पाण्यात असतं. नुसत्या उन्हाने होणारं करपणं असं नकाशा आखल्यासारखं एकाच जागी येत नाही.

घाटावरचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, हेही आधी सांगायला हवं. तिकडे काळी माती पाणी धरून ठेवते आणि दुष्काळ एखाद्या वर्षी पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि नोव्हेंबर ते मे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे गवताच्या दृष्टीने इथे दरवर्षीच दुष्काळ. त्यात जांभ्याची तांबडी माती. पाणी घातलं की तासाभरात कुठे गेलं कळत नाही.

आधी बघा, मेलंय की झोपलंय

पिवळं गवत दिसलं की आपण घाबरतो. पण उन्हाळ्यात गवत झोपी जाणं ही त्याची जगण्याची रीत आहे. हरळीचंच बघा, म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा. वैशाखात गडग्याच्या कडेला तिचा मागमूस नसतो आणि श्रावणात जुडीच्या जुडी निघते. वरची पानं वाळू देऊन ती जमिनीलगतच्या गाठीत आणि खालच्या कांड्यांत जीव धरून ठेवते.

डागातलं मूठभर गवत धरून हळूच ओढा. ताण लागला, मुळं सुटली नाहीत, तर बहुतेक ते जिवंत आहे. जमिनीलगतचा बुडखा नखाने चिरून बघा. आतून पांढरट आणि घट्ट असेल तर झोपलंय. तपकिरी, पोकळ, चुरा होणारा असेल तर गेलंय. तरीही शंका राहिली तर डागातल्या फक्त एक फूट चौकोनाला दर दोन दिवसांनी भरपूर पाणी द्या आणि दहा ते चौदा दिवस थांबा. हिरवे कोंब दिसले की बाकीच्या डागाचीही काळजी नको. एवढ्याने निदान पाण्याची उधळपट्टी थांबते.

गवत ओढल्यावर गालिच्यासारखं सहज उचलून आलं, खाली मुळंच नाहीत, तर प्रकरण वेगळं. ते हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचं. त्याकडे पुढे येते.

पहार किंवा लांब सळई

या सगळ्या तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडली ती घरातली अर्ध्या इंचाची लोखंडी सळई. नेहमीसारखं पाणी द्यायचं, तासाभराने सळई हाताच्या जोराने खाली दाबायची. ओल्या मातीत ती सरकते, कोरड्यात अडते. चांगल्या भागात, डागाच्या कडेला आणि डागाच्या मध्यावर, अशा पाच-सहा जागी दाबून प्रत्येक ठिकाणी किती गेली ते खडूने सळईवर मांडून ठेवा.

आमच्याकडे बागेतलं काम बघणारे काका आहेत. वाटेवरच्या डागात सळई दोन बोटंसुद्धा जाईना, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, पाणी वरच राहतंय. खाली जातच नाय." चांगल्या भागात सळई सहा इंच गेली. मधल्या डागात तीन इंचांवर टणक आवाज करून थांबली. आणि गडग्याजवळ? तिथे ती सात इंच सहज उतरली. म्हणजे तिथे ओल होती आणि तरीही गवत करपत होतं. या एका तासात मला तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते कळलं.

मधला डाग: खाली कातळ

टणक आवाज कातळाचा होता. लॉन लावणाऱ्याने मुरमावर तीन इंच लाल माती पसरून वर तयार गवताचे तुकडे अंथरले होते. पावसाळ्यात तीन इंच माती पुरते, कारण वरून सतत पाणी असतं. मार्चमध्ये तीच माती एका दुपारी वाळते, शिवाय खालचा जांभा तापतो आणि मुळं शिजतात. हरळीच्या जातीच्या गवताला जागा मिळाली तर त्याची मुळं तीन-चार फूटही खाली जातात. आपण त्यांना तीन इंचांत कोंडतो आणि मग रोज पाणी घालत बसतो.

यावर पाणी हा उपाय नाहीच, उपाय मातीच. मेच्या मध्यात डागातलं गवत तुकड्यांनी कापून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मुरूम असेल तर टिकावाने उकरून काढा, किमान सहा इंच, जमलं तर आठ-नऊ. त्यात लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून भरा. हा भुसा दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण काथ्यात मुळातच क्षार असतात आणि सोडणं (नारळाची सालं) खाजणाच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर जास्तच. भरलेली जागा बाजूपेक्षा दोन बोटं उंच ठेवा, पावसात ती खचते. गवताचे तुकडे पाऊस नीट लागल्यावर परत बसवा. उतार असेल तर आषाढातल्या झोडपत्या पावसात माती वाहून जाते, तिथे श्रावणापर्यंत थांबा.

आणि खरा एकसंध कातळ लागला तर? आम्हाला डागाच्या एका टोकाला तो लागलाच. तिथे मी हट्ट सोडला. चार हात जागेवर चिरे बसवले, वर बाकडं ठेवलं. कातळावर गवत जगवायला जेवढं पाणी लागतं, तेवढ्यात दोन माडांची आळी भिजतात. माझ्या मते अशा जागी गवत ठेवणं चूकच आहे.

गडग्याजवळचा डाग: पाणी मचूळ

हा ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि किनाऱ्यावर बहुतेकांचा खरा त्रास हाच असावा असं मला वाटतं. खुणा अशा: पात्याचं टोक आधी जळतं, मग कडा, आणि मधली शीर बराच काळ हिरवी राहते. माती ओली असूनही गवत तहानलेलं दिसतं. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी मातीवर किंवा जवळच्या चिऱ्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. आणि पाणी वाढवलं की डागही वाढतो.

आपल्या विहिरीतलं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं पाणी थोडं हलकं. किनाऱ्यालगतच्या झिरपत्या जमिनीत साधारण हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी टिकतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी पुष्कळ वर सरकतं. एप्रिलमध्ये पंप लावून दोन तास सलग उपसा केला की आपण विहीर रिकामी करतोच, शिवाय समुद्रालाही आत बोलावतो. मी पाणी वाढवत होते, म्हणजे दरवर्षी हेच करत होते.

जिभेला मचूळपणा कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पेनसारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, स्वस्तात मिळतं, ते घ्या आणि दर पंधरा दिवसांनी, पंप अर्धा तास चालल्यावरचं पाणी मोजा. ४५० पीपीएमपर्यंत (लिटरमागे साधारण ४५० मिलिग्रॅम क्षार) निर्धास्त. तिथून २००० पर्यंत जपून. त्यावर गेलं तर लॉनला ते पाणी बंद. आमच्या विहिरीचं पाणी डिसेंबरात साडेतीनशेच्या आसपास होतं, एप्रिलच्या शेवटी अठराशेच्या वर गेलं. गडग्याचा कोपरा सर्वांत आधी का जळत होता, तेही तेव्हा उलगडलं. पश्चिमेची बाजू, दुपारनंतर खारा वारा थेट तिथे आपटतो, आणि मी फवाऱ्याने पानांवर पाणी उडवत होते. पाणी उडून जायचं, मीठ पात्यावर राहायचं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. पंप सलग न चालवता सकाळी वीस मिनिटं, मग तास-दीड तास विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं. पाणी टाकीत साठवायचं आणि टाकीतून द्यायचं. फवारा बंद, नळी जमिनीवर ठेवून पाणी सोडायचं, पानांवर नाही. मीटर हजाराच्या वर गेलं की रोज थोडं देण्याऐवजी आठवड्यातून एकदाच, पण खोलवर, म्हणजे मीठ मुळांखाली ढकललं जातं. मचूळ पाणी थोडं थोडं देत राहणं सर्वांत वाईट, कारण ते मुळांशीच वाळतं.

पावसाळा हे सगळं धुऊन नेतो. एवढ्या पावसात मातीत मीठ राहत नाही, म्हणून जूनमध्ये गवत टवटवीत होतं आणि आपल्याला वाटतं की ते उन्हाचंच होतं. खरी दुरुस्तीही पावसाळ्यातच करायची असते. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर पाणी. गळती-उडती धरून त्यातलं पाऊण भागही पन्हळीतून गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात जिरवलं, तरी गोड्या पाण्याचा थर भक्कम होतो. आम्ही पहिले दोन-तीन मोठे पाऊस छप्पर धुण्यासाठी सोडून देतो, मग पन्हळ वाळू-खडीच्या खड्ड्याकडे वळवतो. एका पावसाळ्यात चमत्कार झाला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मीटर तेराशेच्या आत राहिलं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

समुद्राच्या बाजूला मोकळं असेल तर वारा अडवणारी झाडं लावा. सुरू, उंडी, करंज ही इथे चांगली रुजणारी आणि खारा वारा सोसणारी. गडग्यावर तात्पुरते झाप उभे केले तरी मार्च-एप्रिलमध्ये फरक दिसतो.

वाटेवरचा डाग: माती दगड झालेली

फाटकापासून ओटीपर्यंत सगळे त्याच रेषेत चालतात, पाहुणे मोटरसायकलही तिथेच लावतात. माती दाबली गेली, त्यावर मेलेल्या काड्यांचा थर बसला, आणि एकदा पुरती वाळल्यावर ती पाणी घेईनाशी झाली. वाळलेल्या मातीवर पाण्याचा थेंब टाका. पाच सेकंदांहून जास्त वेळ मोत्यासारखा उभा राहिला तर समजा की माती पाणी झिडकारते आहे. अशा जागी नळी धरली की पाणी वरून वाहत शेजारच्या चांगल्या गवतात जातं आणि आपल्याला वाटतं, दिलं.

उपाय सोपा, पण कष्टाचा. सळईने किंवा काटेरी फावड्याने चार-चार इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा. दहा मिनिटं पाणी, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा थांबा. तिसऱ्या खेपेला पाणी आत जाऊ लागतं. भोकांत बारीक चाळलेलं गांडूळ खत भरा. साबणपाण्याचा सल्ला कुणी देईल. कपड्यांच्या पावडरीचं पाणी तरी नका घालू, त्यातला सोडा आपल्या मातीला अजून घट्ट करतो. काड्यांचा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल तर तो खरवडून काढायचं काम जूनसाठी ठेवा. उन्हाळ्यात खरवडलं तर बुडखे उघडे पडून भाजतात.

लोक जिथून चालणारच आहेत तिथे पाऊलवाट करा. आम्ही चिऱ्याचे तुकडे दोन-दोन फुटांवर मातीच्या पातळीत बसवले. झोपलेल्या गवतावर चालणं हे त्याला पाणी न देण्यापेक्षाही घातक, कारण बुडखाच चिरडतो.

हुमणी

आमच्याकडे ती नव्हती, पण शेजारच्या वाडीत होती. गवत गालिच्यासारखं उचलून येणं ही तिची खूण. अळ्या पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुळं खातात. गवत तेव्हा ओलीवर तगून राहतं आणि ऊन वाढलं की एकदम मान टाकतं. आपण मार्चमध्ये कारण शोधतो, ते सप्टेंबरमध्ये घडून गेलेलं असतं. म्हणून गणपतीच्या सुमारास संशयित जागी एक फूट चौकोन तीन इंच खोल उलथून बघा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या पाचांहून जास्त निघाल्या तर मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्या. वळिवानंतर संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून गोळा करून मारले तर पुढचं संकट बरंच कमी होतं.

वाळवीला मात्र उगीच दोष देऊ नका. ती मुख्यतः वाळलेल्या काड्या खाते. मातीचे पापुद्रे दिसले तर गवत त्याआधीच वाळलेलं आहे, असं समजा.

मग पाणी किती?

एका गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे गुंठ्यावर एक मिलिमीटर द्यायचं तर १०० लिटर. एप्रिलमध्ये इथे हरळीच्या जातीच्या गवताला दिवसाला साधारण तीन मिलिमीटर धरा, आठवड्याला गुंठ्यामागे दोन हजार लिटर. हे गवत हिरवं ठेवण्याचं गणित झालं, आणि ते दोन पाळ्यांत द्यायचं, प्रत्येकी हजार लिटर, पहाटे पाच ते आठच्या दरम्यान. दुपारी वारा अर्धं उडवून नेतो. संध्याकाळी दिलं तर आपल्या दमट हवेत पानं रात्रभर ओली राहून बुरशी येते.

नळीतून किती पाणी येतं ते बादलीने मोजा. १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर, म्हणजे हजार लिटरला ५० मिनिटं. फवारा वापरत असाल तर पाच-सहा पसरट डबे लॉनवर ठेवून अर्ध्या तासात प्रत्येकात किती मिलिमीटर पाणी साचतं ते पट्टीने मोजा. एका डब्यात बारा आणि दुसऱ्यात तीन निघतात, तेव्हा डाग पाण्याच्या वाटणीचा आहे हे लगेच कळतं.

पाणी केव्हा द्यायचं ते गवतच सांगतं. सकाळी त्यावरून चालून मागे बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, रंग निळसर करडा दिसू लागला की पाळी आली. ठसे लगेच उभे राहिले तर आज नको. रोज दहा मिनिटांच्या शिंपडण्याने मुळं वरच्या दोन इंचांतच राहायला शिकतात, आणि एक दिवस पंप बंद पडला की सगळं गवत मान टाकतं. नोव्हेंबरपासूनच पाळी लांबवत नेली, तर मुळं ओलीच्या मागे खाली जातात. मार्चमध्ये ही सवय लावता येत नाही.

विहीर उतरायला लागली की हिरवं ठेवण्याचं गणित सोडून जगवण्याचं गणित धरा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा दहा-बारा मिलिमीटर, गुंठ्याला हजार-बाराशे लिटर. तेवढ्यावर हरळीच्या जातीचं गवत सहा-आठ आठवडे सहज काढतं. पिवळं दिसेल, पण जाणार नाही. ठरवून झोपवलेलं गवत मध्येच चार दिवस पाणी देऊन उठवू नका. कोंब फुटतात, साठवलेली शक्ती संपते आणि पुन्हा झोपायला त्याच्याकडे काही उरत नाही. पाहुणे येणार म्हणून मी हे दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा तेवढा भाग पावसातही नीट भरला नाही.

वाडीत टँकर येत असेल, शेजारची विहीर आटली असेल, तर लॉनला विहिरीचं पाणी द्यायचंच नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. भूजल सगळ्यांचं एकच. त्या दिवसांत एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी फक्त बुडख्यांपुरतं वापरतो. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार जास्त, ते नको. न्हाणीचं पाणी आमच्याकडे पूर्वीपासून केळी आणि अळवाकडे जातं, आणि ते तिकडेच जावं असं मला वाटतं.

कापणी, खत, सावली

उन्हाळ्यात गवत दोन ते अडीच इंच उंच ठेवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पातं धारदार हवं. बोथट पात्याने फाटलेलं टोक पांढरं पडतं आणि लांबून ते करपल्यासारखं दिसतं. कापलेला चुरा तिथेच राहू द्या. झोपलेलं गवत कापायचंच नाही.

फेब्रुवारी ते मे युरिया बंद. नत्राने कोवळी पालवी फुटते आणि तिला पाणी लागतं. त्याऐवजी ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, गुंठ्याला एक किलो पोटॅश द्या. पावसाने ते मातीतून धुऊन गेलेलं असतं आणि कोरड सोसायला गवताला त्याची गरज असते. पाणी मचूळ होणाऱ्या जागी म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, कारण म्युरेटमध्ये क्लोराइड असतं. आपली माती आम्ल असल्यामुळे चुन्याचीही गरज पडू शकते, पण माती तपासल्याशिवाय नको. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. किनाऱ्यावरच्या कुणीही माती-पाणी न तपासता नुसत्या अंदाजावर राहू नये.

माडाच्या बुंध्याभोवती सहा फुटांत लॉन लावू नका. तिथे माडाची मुळं दाट असतात आणि पाण्यासाठीच्या भांडणात गवत हरतं. ते आळं पातेरा आणि सोडणांनी झाकलेलं बरं.

नवीन लॉन लावायचं असेल तर गवताची निवडच अर्धं काम करते. नर्सरीत मेक्सिकन, कोरियन अशा नावांनी मिळणारी मऊ, दाट गवतं फोटोत सुंदर दिसतात, पण त्यातलं कोरियन फार हळू वाढतं आणि एकदा डाग पडला की भरायला वर्ष घेतं. मोकळ्या उन्हात हरळीच्या जातीचंच घ्या. पाणी मचूळ होणाऱ्या जागी पास्पालम मिळालं तर ते सर्वांत खारं सोसतं. गडग्याजवळच्या आमच्या पट्ट्यात आम्ही शेवटी गावठी हरळीच रुजवली, पाणंदीतून काढून आणलेली. ती थोडी भरड आहे. गेल्या वैशाखात ती पूर्ण वाळली, आणि मृगानंतर नवव्या दिवशी हिरवी झाली.

पहिल्या पावसानंतर घाई करू नका. वळिवाच्या एखाद्या सरीने गवत जागं होऊ लागतं आणि पुढे दहा दिवस पाऊस गायब होतो. त्या मधल्या दिवसांत दोनदा दहा-दहा मिलिमीटर पाणी द्या. कापायचं यंत्र बाहेर काढण्याआधी नवीन पाती तीन इंच होऊ द्या. आणि डाग अजून दिसत असतानाच त्यांच्या कडेने बांबूच्या खुंट्या ठोकून ठेवा, म्हणजे सगळीकडे हिरवं झाल्यावर कुठे खणायचं ते शोधावं लागणार नाही.